गुण्या

स्टुडिओच्या लिलावात घेतलेलं हे मशीन:
लोखंडी खांब, खांबातून निघालेला हात,
हाताला टांगलेली मोटर, मोटरीला गोल पातं.
तीस वर्षं यानं खोटी दारं कापली,
एकाच बाजूनं रंगवलेल्या राजवाड्यांची,
मागनं बांबूंनी पेललेली.
कॅमेरा काही कोपऱ्यात गुण्या लावून बघत नाही.

आता ते उद्यमनगरात, माझ्या पत्र्याखाली,
आणि चौगुल्यांच्या अक्काताईंना
कसबा बावड्यात खरं दार पाहिजे.
पहिली चौकट उभी केली
तर वरच्या सांध्यातून शेजारचा लिंब दिसला.
अक्काताई म्हणाल्या, "खिडकी नव्हती सांगितली मी."

दुपारी दस्तगीर मिस्त्री आले,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
"आधी पिन काढ."
पातं उतरवलं, त्याच्या जागी सळी बसवली,
हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला,
सळी कुठं खरवडते, कुठं अधांतरी जाते, ऐकत.
टेबलाखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या. तासभर नुसतं तेच.

मग माझ्या हातातला गुण्या मागितला.
"मशीनवर मागनं संशय घे, आधी ह्याच्यावर."
प्लायवर रेघ मारली, गुण्या पालथा केला,
त्याच टिंबावरनं दुसरी मारली.
खाली एक रेघ. वर जाता जाता दोन.

आबांचा गुण्या. शिसवी मुठीचा,
अंगठ्याच्या जागी झिजलेला.
मी काही बोललो नाही. मिस्त्रीच म्हणाले,
"तुजा बाप हातानं कापायचा.
गुण्या चुकला तर हात सांभाळून घ्यायचा.
मशीन कुणाचं सांभाळतंय?"

शेजारच्या लेथवाल्या पोवारांनी त्यांचा पोलादी गुण्या दिला,
तेलाच्या फडक्यात गुंडाळून, दिवेलागणीच्या बोलीवर.
पात्याचा एकच दात खडूनं रंगवला.
तो गुण्याला लागून मागून पुढं यावा, सारखाच घासत.
मागं घासायचा, पुढं सुटायचा.
बोल्ट सैल, ठोकळ्यानं टिचकीएवढं, बोल्ट घट्ट.
घट्ट करतानाच पुन्हा हलायचा.

शेवटी पिन लावली. फूटभर रुंद फळी कापली,
एक तुकडा पालथा करून कापाला काप भिडवला.
अशी चूक लपत नाही, दुप्पट होऊन दिसते.
पहिल्यांदा फटीत लग्नपत्रिका गेली,
मग लाइटबिल, मग केएमटीचं तिकीट.
चौथ्यांदा काहीच जाईना.
मिस्त्रींनी तुकडे ट्यूबलाइटसमोर धरले,
खाली ठेवले, आणि चहा मागवला.

रात्री आबांचा गुण्या घरी नेला.
स्वैपाकघराचं दार त्यांनीच केलेलं.
चौकटीच्या कोपऱ्यात लावून बघितला:
कुठं फट नाही, उजेड नाही, तंतोतंत.
मग फळीच्या कोपऱ्याला लावला, तिथंही.
तिघंही तेवढेच तिरके,
आणि कडी एका बोटानं बसते.
नांदतायत इतकी वर्षं, गुण्यागोविंदानं.