सैल

ठमाबाई मढवी, दिवाळे गाव, वय अंदाजे एकसष्ट.
"अंदाजे" तिनंच लिहायला लावलं.
पित्ताशयात खडा. नेरूळ, ओटी क्रमांक दोन.
टेबलावरही उजवी मूठ आवळलेली,
बाजारात सुट्ट्या पैशांवर आवळतात तशी.
"डाक्तरीन बाय, माना झोप नाय लागत.
तुजी दवा काय करील?"
मी म्हटलं, बघू.

फेंटानिल, दोन मिली, सावकाश.
मेंदूच्या बुडाशी एक पहारेकरी असतो,
शिरांना रात्रंदिवस ताकीद देणारा:
आवळा, धरून ठेवा.
औषध त्याच्याशी भांडत नाही,
त्याला खुर्ची देतं.
मग पोटऱ्यांतल्या, आतड्यांभोवतीच्या शिरा,
ज्यांना कधी कुणी बस म्हटलेलं नाही,
एकेक करून पाठ टेकतात.

मॉर्फीन असतं तर कातडीही लालावली असती,
नाकाला खाज, गळ्यावर हिस्टामिनचे चट्टे.
कुणी म्हणतं, नळीचं अस्तरच
नायट्रिक ऑक्साईडची फुंकर घालतं भिंतीवर.
कुणी म्हणतं, छे.
भिंत नक्की कुणाचं ऐकते
हे आमच्यातही अजून मिटलेलं नाही.
(मागून दिलेलं दुधी प्रोपोफॉलही यात सामील, मान्य.)

रक्त कमी होत नाही. थेंब सांडत नाही.
भरतीला झडपा लागल्या की
वाशीच्या धारण तलावात सेक्टरांचं पाणी पसरून बसतं
तसं काहीतरी.
पाणी तेवढंच,
ओढ मात्र नाल्यात उरत नाही.

एकशे बत्तीस.
एकशे आठ.
ब्याण्णव.
चौऱ्याहत्तर.

"घेऊ का सुरू?" डॉ. सामंतांचा चाकू हातात.
थांबा.
पाय उंच करा. सलाईन मोकळं सोडा.
फिनाइलेफ्रिन, इवलंसं.
माझी नोकरी एवढीच:
सुख फार होऊ द्यायचं नाही.

ब्याऐंशी. अठ्ठ्याण्णव. घ्या.

तेव्हा दिसली ती मूठ, उघडी.
तळव्यात नखांच्या चार पांढऱ्या कोरी,
तिथं रक्त जरा उशिरा पोचलं,
बिचकत, परक्याच्या ओटीवर चढावं तसं.
मग सगळा तळवा गुलाबी.

दीड तासानं डोळे उघडले.
"झोपली व्हती मी?"
हो, गाढ.
"मंग माना कसा नाय कलला?"

यासाठी चार्टवर रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: रक्तदाब एकशे अठ्ठावीस, श्वास ठीक.
उजवी मूठ, पुन्हा आवळलेली.