मानशीचं दार

माझी फाईल जाड आहे.
बांबोळीच्या बाकावर ती मांडीवर उभी धरली
की पोट झाकलं जातं.
शेजारी केपेची रोझालिना. दाब एकशेसाठ.
तिचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं,
तरी लोकरीचं काहीतरी विणते आहे.
पलीकडे वास्कोची जमीला. साखर.
डब्यात मोजून दोन चपात्या.
मंगळवार आमचा.
आम्ही एकमेकींना आकडे विचारतो,
बाजारात बांगड्याचा भाव विचारावा तसे.

माझ्या छातीत टिकटिक आहे.
चोडणला रात्री वीज गेली, पंखा थांबला
की ऐकू येते.
लग्नानंतर आठवडाभर विशांत घड्याळ शोधत होता,
उशीखाली, कपाटात.
मी लपवलं नव्हतं.
त्याच्या आईला सांगितलं होतं,
आणि त्यांनी ते पुढे सांगायचं म्हणून
ठेवून दिलं होतं.

शाळेत असताना घसा दुखला, मग गुडघे.
वाढतं वय, म्हणाले सगळे.
मग कळलं, दर एकवीस दिवसांनी सुई.
दोनदा फेरीबोट बंद होती.
तिसऱ्यांदा चालू होती,
आम्हीच गेलो नाही.

एकोणिसाव्या वर्षी छाती उघडायची ठरली.
डॉक्टर कागदावर चित्र काढत होते,
झडप, रक्त, उलटं वाहणं.
आबांनी तीस वर्षं खाजनाची मानस राखलेली,
ओहोटीला आपोआप उघडणारी,
भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटणारी लाकडी दारं.
त्यांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं.
कळलं.
फळी कुजली. खारं पाणी शेतात येतंय.
बदला.

नव्या दाराला रक्त पातळ लागतं,
नाहीतर गुठळी अडकते.
पातळ करणारी गोळी बाळाला सुरुवातीला सोसत नाही.
म्हणून सुया, सकाळ-संध्याकाळ, पोटातच,
बेंबीच्या डावीकडे, उजवीकडे,
निळे डाग, मग हिरवे, मग पिवळे.
फुलं माळली त्या दिवशी
सासूबाई माझा पदर सारखा करत होत्या,
चारचौघींत, पुन्हा पुन्हा.

मूल नसतं तरी चाललं असतं तुला,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रागानं नाही, फाईल चाळत.
चाललं असतं, मी म्हटलं.
आणि पुढची तारीख विचारली.

सिस्टर इर्मिनानं पोटावर यंत्र फिरवलं.
आतून भरभर आवाज,
रायबंदरच्या धक्क्याला लागताना
फेरीबोटीचं इंजिन करतं तसा.
त्यावर माझं टिक. टिक.
गप्प राव गे बाय इल्लें, ती म्हणाली.
मी गप्पच होते.

रोझालिना त्या मंगळवारी आली नाही.
पुढच्याही.
मी विचारलं तर सिस्टरनं
माझ्या दंडावरचा पट्टा उगाच पुन्हा बांधला.

मुलगी झाली. दोन किलो तीनशे.
जो येईल तो वजन विचारतो,
नाक कुणाचं ते ठरवतो.
माझी सुई कधी बंद, गोळी कधी सुरू,
हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मीच लिहायचं,
घरी गेल्यावर.
त्याच चौकोनांत आबा भरतीच्या वेळा लिहितात,
अमास, मोठें उदक,
आणि त्याखाली माझ्या अक्षरात
दोन पूर्णांक सात,
तीन पूर्णांक एक.
मानशीची पावणी कधी तेही तिथंच.

आबा संध्याकाळी आले.
बाळाकडे पाहिलं, हात लावला नाही,
बोटांना चिखलाचा वास असेल म्हणाले.
मग खाटेच्या पायथ्याशी वाकून, हळूच,
बंद होतं ना गं बरोबर?

होतं.

थोडा वेळ टेकले.
मग बॉक्साचं खुरीस मोडलेल्या
आपल्या जुन्या घड्याळाकडे पाहिलं.
पावणेसातला भरती होती.