आधीपासूनचं

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात
खिडकीच्या कट्ट्यावर ते आमच्याआधीपासून,
रंगाच्या डब्यात.

पान मोडलं, चीक नाही. म्हणजे शेर नव्हे.
काटा नाही, तर निवडुंग कसला?
पानफुटी म्हणावं, तर मातीवर ठेवलेलं पान
महिनाभर नुसतंच पडून.

शेजारच्या कोकिळाबाईंनी बोटाने दाबून पाहिलं:
"माले काय मालूम. पन जित्तं शे."

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर.
पाणी घालायचं विसरले मी.
ते आक्रसलं, धुणं धुतलेल्या बोटांसारखं,
आणि तिथेच थांबलं.

आधीच्या चौधरीणबाईंना फोन केला,
नाव काय हो याचं?
"आम्ही आलो तेव्हाच होतं तिथं."

काल पुसायला डबा उचलला.
खाली गंजाची चार वर्तुळं,
लहानमोठ्या डब्यांची,
एकावर एक.