आत्ता आलेलं पत्र

सावद्यात मे महिन्यात दिवसा कुणी विचार करत नाही.
लॅपटॉपसुद्धा दुपारी नुसता धापा टाकतो.
म्हणून मी बाराच्या पुढे बसते,
कूलरची टाकी भरून,
पाय ओल्या फरशीवर सोडून.
वॉचमन सुपडू खिडकीशी थांबतो :
“इतल्या राती काय करू राह्यल्या ताई?”
पत्रं तपासते, म्हणते.
“कोनाची?”
कुणाचीच नाही.

पगाराचं काम वेगळं. ते केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये,
ट्रक नंबर, पेट्या, टनाचा भाव.
हे फुकटचं.
पत्रं आणणारा-नेणारा एक प्रोग्रॅम,
ज्याला मालक नाही,
ज्याचं अंगण ज्याला दिसेल त्यानं झाडायचं.
त्यात चार हजार एकशे बारा चाचण्या.
प्रत्येकीत एक छोटं खोटं जग :
नसलेला माणूस नसलेल्या बाईला पत्र पाठवतो,
आणि आपण बघायचं, पोचतं का.

मागच्या थंडीत मी त्यात आमची माणसं घातली.
पुंडलिक ढाके, इंदूबाई वारके.
विषय : केळीचा ट्रक आत्ताच निघाला.
विषयाची ओळ लांबली की प्रोग्रॅम ती दुमडायचा,
बरोब्बर ळ च्या पोटातून.
के इकडे राहायचा,
आणि पलीकडे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.
ते जुळवायला मला संक्रांत उजाडली.

आता ही एक. तीनशे सातवी.
हिच्यावर अकरा वर्षांपूर्वीची चिठ्ठी :
‘लहरी आहे. कधी पास, कधी नापास. वगळावी.’
वगळली.
नंतर आलेल्यांनी चिठ्ठी वाचली, पुढे गेले.
मी वगळणं काढलं. लाल.
पुन्हा चालवली. लाल.
सकाळी ऑफिसला निघताना, एका हातात डबा,
सहज चालवली, तर हिरवीगार.
रात्री परत लाल.

आमच्या तीन नंबरच्या चेंबरमधल्या तापमापीला
सगळे येडी म्हणायचे.
दोन अंश जास्तच दाखवते, म्हणे.
दोन हंगाम तिच्यावर गोणपाट टांगलेलं होतं.
मग एकदा दाराचं रबर बदललं
आणि ती गप्प झाली.

तर मी हिचं ऐकत बसले.
ती एवढंच म्हणत होती :
पत्र आत्ता आलं, तर ते ‘आज’खाली दिसू दे.
आणि प्रोग्रॅम ते ‘काल’खाली टाकत होता.
इथे रात्रीचे बारा दहा, चौदा तारीख.
प्रोग्रॅमच्या पोटातल्या घड्याळात
अजून तेराची संध्याकाळ, सहा चाळीस.
लिहिणारा आइसलंडचा. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ
आणि पोटातलं घड्याळ बारा महिने एकच.
त्याला कधी लाल दिसलंच नसेल.

म्हणजे अकरा वर्षं
मध्यरात्र ते साडेपाच
इकडच्या प्रत्येकाचं ताजं पत्र शिळं ठरत होतं,
आणि ते सांगणारी एकटी
लहरी म्हणून कोपऱ्यात.

दुरुस्ती सात ओळींची.
शिवाय तिच्या हातात एक थांबलेलं घड्याळ दिलं,
म्हणजे तिला कुणाला वेळ विचारायला नको :
चौदा मे, बारा दहा, सावदा.
चिठ्ठी फाडली.
आता कुठल्याही देशात, कुठल्याही थंडीत
ती चालेल तेव्हा आत हीच रात्र असेल,
हाच ट्रक आत्ताच निघालेला.
कूलर तेवढा ऐकू जाणार नाही.

पाठवून दिलं. आडवी झाले, झोप नाही.
पाच पंचवीसला उत्तर आलं.
त्याचंच. एक ओळ :
‘अरेच्चा. तुमच्याकडे किती वाजले?’
ते ‘आज’खाली होतं.

बाहेर सुपडू बादलीत तोंड धूत होता.
मी लगेच लिहिलं नाही.
आणखी पाच मिनिटं तो बिचारा
तेरा तारखेत होता.