तळघरातला बंब

केसांत साबण, डोळे मिटलेले,
आणि पाण्यानं एकदम पवित्रा बदलला.
आधी कोमट,
मग जरा परकं,
मग थेट सुपीरियर सरोवर.

मी ओरडले.
घरात ऐकायला कोणी नाही,
म्हणून दुसऱ्यांदा नाही ओरडले.

टॉवेलवर कोट, पायांत बर्फाचे बूट,
तेरा पायऱ्या उतरून खाली.
थंडर बे, जानेवारी, बाहेर उणे एकतीस.
बंब कोपऱ्यात उभा होता,
बुडाशी बशीएवढं पाणी,
आणि पोटात लाह्या फुटल्यासारखी तडतड.

नोव्हेंबरपासून ऐकत होते ती.
भाड्याच्या खोलीत असते, तर आवाज मालकाचा असता.
एक फोन केला असता, दोन शब्द सुनावले असते,
वर भाडंही उशिरा दिलं असतं.
आता कागदावर मालक म्हणून माझंच नाव.
कोणाला सुनावणार?

गुडघे टेकून झाकणाच्या फटीत पाहिलं.
ज्योतीची धुगधुगी होती.
निळी, करंगळीच्या नखाएवढी.
मी श्वास धरला तरी हलली.

तीन दिवस सूप करायच्या पातेल्यात आधण,
बादलीत विसण, कपानं अंघोळ.
आपल्याला अंगाला किती कमी पाणी लागतं
हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
पहाटे साडेपाचला शाळेची बस काढताना
मानेवर ओले केस कडक व्हायचे, काड्यांसारखे.
शेजारच्या पिएरीनाबाईंनी मागच्या दाराची किल्ली दिली,
म्हणाल्या, ये केव्हाही, फक्त मांजर बाहेर सोडू नकोस.
मी गेले नाही.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी एइनो हारयू आला.
साठीचा, मिशीत बर्फ, बूट दारातच काढणारा.
बंबाला एक टिचकी मारून म्हणाला, "संपला."
मग टॉर्च भिंतीकडच्या बाजूला नेला.
तिथे काळ्या मार्करनं काहीतरी लिहिलेलं.
मी समजत होते, कंपनीचे आकडे असतील.

"फिनिश आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्या ओइवाचं अक्षर."
ज्याच्या मुलीकडून मी घर घेतलं, तो ओइवा.

एइनो वाचत गेला, मीटर वाचावा तसा:
नोव्हेंबर २००९. बसवला. मी आणि रेइनो. पाठ गेली.
२०१२. गाळ काढला, एक बादली.
२०१६. गाळ, दीड बादली. नळ्या बऱ्या.
मार्च २०१९. मार्टाला थंडी वाजते. पासष्टवर.
जून २०१९. पन्नासवर.

"पुढे?"
एइनोनं टॉर्च खाली, वर, पुन्हा खाली फिरवला.
"पुढे गाळ काढलाच नाही कोणी," तो म्हणाला,
आणि पाना शोधायला लागला.

मोरी तुंबलेली, म्हणून पंपाची नळी
खिडकीतून परसात सोडली.
पाणी तांबूस, गंजाचं, जेमतेम ऊब असलेलं.
तेवढ्यानंही बर्फात ताटाएवढं भोक पडलं,
आत पिवळं गवत दिसलं
आणि कपड्यांचा एक लाकडी चिमटा.
माझा नव्हता. माझे प्लास्टिकचे आहेत.
संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा काचेसारखं झालं, चिमट्यासकट.

रिकामा बंब जिन्यातून चढेना.
गाळ भरलेला माणूस जसा जड होतो,
असं काहीतरी एइनो म्हणाला, किंवा मला तसं ऐकू आलं.
प्रत्यक्षात तो शिव्या देत होता.

नवा पांढरा आहे, मुका आहे.
तेवीसशे डॉलर,
डाव्या दाढेच्या टोपीसाठी बाजूला ठेवलेले.

"कितीवर ठेवू?" एइनोनं विचारलं.
साधा प्रश्न होता.
मी उगीच वर, छताकडे पाहिलं,
जिथे माझी झोपायची खोली येते,
आणि माझ्याआधी त्यांची.
"पंचावन्न," मी म्हटलं.

रात्री नळाखाली उभी राहिले,
बोटं सुरकुतेपर्यंत, आरशाला घाम फुटेपर्यंत.
पाणी कढत, एकसारखं, हवं तितकं.
दाढ ठणकत होती.