खुंट

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात आठवडाभर हिशेब लिहितो मी.
शनिवारी साडेचारला शर्ट बदलतो,
तरी नखांत हळद राहतेच.
मग ट्रायपॉड खांद्यावर,
आणि नेरूळला, सारसोळ्याच्या जेट्टीवर आम्ही पाच-सहाजण:
रसायनशास्त्र शिकवणाऱ्या उकिडवे मॅडम,
थॉमसकाका, ज्यांना बॅटरी घरी राहिल्याचं
नेमकं इथे पोचल्यावर आठवतं,
आणि बाकीचे, ज्यांना मी अजून
त्यांच्या लेन्सवरूनच ओळखतो.

पाणी किती भरेल ते आम्ही मोबाइलवर बघतो.
हिराजी तांडेल बोटांच्या पेरांवर तिथी मोजतो,
म्हणतो, ‘आज भांग हाय. पानी अर्ध्यावर ऱ्हाल.’
अर्ध्यावरच राहतं.

ट्रॉम्बेच्या डोंगरावर सूर्य दोन बोटं उरला
की आमचं बोलणं बंद.
आभाळ आधी ब्याडगी, मग संकेश्वरी,
मग गोणीच्या तळाशी उरते तशी
काळपट, जुनी, तिखट मिरची.
(हे मी कुणाला सांगत नाही.
मॅडम म्हणतील, निळा प्रकाश विखुरतो म्हणून.)

माघातल्या एका संध्याकाळी
ओहोटीच्या चिखलावर पाण्याचा एवढासा थर होता,
दुधावर साय धरायच्या आधी असतो तेवढा.
रोहित पक्षी दूर, मान खाली घालून कामात.
तीस सेकंद शटर उघडं ठेवलं,
तीस सेकंद मीही श्वास धरला.
जमलं. बारा वर्षांत असं
दोनदा, फार तर तीनदा.

रात्री बायको झोपल्यावर साफसफाईला बसलो.
पलीकडचे मनोरे काढले, तारा काढल्या,
तरंगणारी एक चप्पल काढली.
उजवीकडे एक काळं, वाकडं लाकूड
चिखलातून वर आलं होतं, नजर अडवत.
तेही काढलं.
चार टिचक्या.
मूळ फाइल उडवली, जागा कमी होती.

पुढच्या शनिवारी मोठा प्रिंट घेऊन गेलो
हिराजीला द्यायला. त्याने मागितला नव्हता.
हात लुंगीला पुसून त्याने तो कडेने धरला,
तरी कोपऱ्यावर एक खवला चिकटलाच.
फोटो पाहिला.
मान वर करून खाडी पाहिली.
पुन्हा फोटो.

‘माजा खुट कं हाय?’

मी समतोल की काय असं काहीतरी म्हणालो.
रिकामी जागा, म्हणालो. डोळ्याला विसावा.

‘आज्यानी गारलेला. खैराचा हाय,’ तो म्हणाला,
रागाने नाही; पत्ता चुकलेल्या माणसाने
विचारावं तसं खरंच विचारलं त्याने,
‘मंग होरी बांधू कं?’

उकिडवे मॅडम हसल्या आणि मध्येच थांबल्या.
मागे सूर्य गेला. कुणी बटण दाबलं नाही.

अंधार पडला तशी त्याची होडी सरकत आली.
मी टॉर्च धरला, तो म्हणाला, नको.
दोर फेकला, दोन वेढे, एक गाठ,
सगळं हाताने पाहत.
खुंट किंचित करकरला.
एवढ्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता,
त्या वेळी मी नेहमी कॅमेरा पुसत असे.

फोटो त्याने नेला मात्र.
परवा त्याच्या दारावरून गेलो तर आत भिंतीवर दिसला.
नातवाने काळ्या स्केचपेनने
खुंट परत रोवलाय:
जागा जरा चुकली आहे,
फार जाड झालाय, शाई आभाळात फुटली आहे,
आणि वर त्याला एक होडी,
माझ्या त्या तीस सेकंदांच्या पाण्यावर,
घट्ट बांधलेली.