दहापर्यंत

पलंगावर पाय लांब करून बसायचं.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी.
ती खाली दाबायची,
जणू तिच्याखाली कुणी लपलंय
आणि त्याला वर येऊ द्यायचं नाही.
दहापर्यंत मोजायचं. सोडायचं.

मोजणं मला नवीन नाही.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांचे पैसे मोजले.
एक ताव कमी भरला की फाटक बंद.
तो सापडेपर्यंत अख्खी पाळी आत,
डबे उघडे, खिसे उलटे,
आणि घरी भाकरी गार.
बोटं हुशार झाली त्या नोकरीत.
गुडघे नुसतेच उभे होते दिवसभर.
त्यांची सही कुठल्या रजिस्टरात नाही.

नोट तपासावी तसाच तिने
एक्सरे उजेडासमोर धरला.
काका, गादी झिजलीय. ही फट बघा.
पाहिलं तर पांढऱ्यात एक काळी रेघ,
नोटेतल्या तारेएवढी.
म्हटलं, झिजलेली नोट बँक बदलून देते.
हाही बदलून मिळतो, ती म्हणाली,
पण आधी मांडीला कामाला लावू.

तिचं आडनाव पगार.
चौतीस वर्षं पगारासाठी मोजलं,
आता पगारबाईंसाठी.

शाळेत मास्तर म्हणायचे,
बागूल, तुझी अक्कल गुडघ्यात.
असेल, तर आता तीही करकरते.
लग्नाला गुडघ्याला बाशिंग बांधून निघालो होतो.
त्याच जागी आता गरम पाण्याची पिशवी.
बांधणारी रत्नप्रभाच.
गाठ मात्र हल्ली जरा सैल मारते.

डिसेंबरात निफाडला पारा उतरला
की पेपरच्या आधी मला कळतं.

निकुंभ येतो, निर्गुडीचा पाला घेऊन,
मनगटात तांब्याचं कडं.
लेका, झिजलेलं कधी भरून येतं का?
नाही येत. हे तिला विचारून झालंय.
पगारबाई खोटं बोलत नाहीत.
भरून येत नाही, म्हणाल्या,
पण ज्याच्यावर भार आहे
त्याला सोबतीला माणूस देता येतो.
आणि हे लक्षात ठेवा, काका,
दुखणं वेगळं आणि इजा वेगळी, दोन खाती आहेत.
करताना थोडं दुखलं, चालेल.
दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं,
तर दहाचे आठ करा. बंद करू नका.
निकुंभने ऐकून घेतलं.
उठताना टेबलाला धरून उठला.

सहाव्या आठवड्यात खुर्ची आली.
हात छातीवर, फुली करून.
हात न लावता उठायचं.
पहिल्या दिवशी उठलो ते वीतभर, आणि धपकन खाली.
हातांना पटेना.
एवढी वर्षं जे काही धरलं ते त्यांनीच,
आणि आता त्यांना रजा, तीही भरपगारी?
शिवणीवर येऊन बोटं चुळबुळत राहिली.

मग एक दिवस, जानेवारी संपता संपता,
मी तीन, चार, पाच करत होतो
आणि खाली द्राक्षांची गाडी आली.
रत्नप्रभा गॅलरीतून भाव करू लागली.
ऐंशी. सत्तर. नाही, पंच्याहत्तर.
सहा, सत्तर, सात का आठ,
माझा हिशेब तिच्या हिशेबात मिसळला.
थांबलो.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा आकडा हरवला होता.
फाटक बंद झाल्याचा आवाज येईल
म्हणून कान देऊन उभा राहिलो.
उभा. हे नंतर लक्षात आलं.
हात अजून छातीवरच होते.

आता उठलोच आहे, तर जाऊ.
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
दुखऱ्याला पुढे केलं. कठड्याला नुसतं बोट.
गाडीवाला म्हणाला, काका, तुम्ही कशाला उतरलात?
वर गॅलरीत रत्नप्रभा भाव विसरून बघत होती.
पिशवी पुढे केली.
म्हटलं, दोन किलो.
नीट मोजून दे.